जस्ती डब्याचा संशय

"बोल रे, कुठून गळतोस?"

मित्रांनो, या जगात मी ऐकलेला पहिला आवाज तो. पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराचा. माझे सांधे कथलाने झाळून झाले होते आणि ते अजून ऊन होते. त्याने मला दोन्ही हातांनी उचलले, खिडकीच्या उजेडात धरले, एक डोळा मिटला आणि दुसरा माझ्या पोटात घातला. सुईएवढे भोक कुठे दिसते का, हे तो शोधत होता. सापडेना. तरी त्याचा विश्वास बसेना. त्याने मला काठोकाठ भरले, खाली वर्तमानपत्राचा कागद अंथरला आणि तो वाट बघत बसला. कागद कोरडा राहिला तेव्हा कुठे हसला.

जन्मल्या घडीलाच ज्याच्यावर संशय घेतला, तो पुढे संशयी निघाला तर नवल कसले?

मी कोंबड्यांना पाणी पाजणारा एक जुना डबा आहे. लोखंडी पत्र्याचा, वरून जस्ताचा मुलामा. डोक्यावर घट्ट फिरकीचे टोपण, पायाशी गोल थाळी, आणि दोन्हींच्या मध्ये बारीकसे भोक. चोचीने जेवढे उचलले तेवढेच पाणी माझ्यातून थाळीत उतरते. मला घडवताना कारागीर गुणगुणायचा:

*वाक रे पत्र्या, वाक जरा,*
*पोटात घे तू थंड झरा;*
*चोच येईल, चोच जाईल,*
*थेंब न् थेंब कामी येईल.*

त्या ओळी माझ्या अंगात हातोडीच्या ठोक्यांबरोबर बसल्या आहेत.

माझे पहिले घर एका अंडी विकणाऱ्या बाईचे. ती मला रोज सकाळी राखेने घासायची, विहिरीचे पाणी भरायची आणि जाता जाता टोपणावर टिचकी मारायची. "या डब्यानं माझी पिल्लं वाढवली हो," असे गिऱ्हाइकांना सांगायची. मी फुगायचो. मग बाजारात लाल झाकणाची प्लास्टिकची भांडी आली. एके दिवशी माझी रवानगी माळ्यावर झाली. कोळ्यांनी माझ्या थाळीत जाळी विणली. मी वर्षानुवर्षे एकच विचार करत राहिलो: माझ्याविरुद्ध तिचे कान कुणी भरले? मला कधी वाटलेच नाही की लाल झाकण हलके होते आणि तिचे गुडघे दुखत होते. संशयाला साधे कारण रुचत नाही.

भंगारवाल्याच्या गाडीवरून मला घड्याळजींनी उचलले.

घड्याळजी म्हणजे घड्याळे दुरुस्त करणारे गृहस्थ. दुकान बंद करून घरी बसले होते. हाताला काम हवे म्हणून परसात खुराडे बांधले आणि आठ कोंबड्या आणल्या. कोंबडीबद्दल त्यांना काडीची माहिती नव्हती. पण वही होती. प्रत्येक कोंबडीला एक पान. भुरी, काळी, ठिपकी, अशी नावे वर. खाली रोजची नोंद, मिनिटासकट. सकाळी डोळ्याला भिंग लावून ते खुराड्यातली शीट तपासायचे.

त्यांची थोरली बहीण आक्का स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहत होती.

"जन्मभर लोकांची घड्याळं मागून उघडून बघितलीस बाबू," ती म्हणायची, "आता कोंबड्या तेवढ्या राहिल्या होत्या."

"आक्का, शीट बघितल्याशिवाय आजार कळत नाही. पुस्तकात लिहिलंय."

"मग पुस्तकाचीच घाल अंडी."

भावंडांचे असे गोड चालले होते. पण एकदा आक्काने आदल्या दिवशीचे उरलेसुरले खारट अन्न कोंबड्यांना टाकले. घड्याळजी धावत आले. "खारट त्यांना चालत नाही! ह्या कोंबड्या आहेत आक्का, तुझा संसार नाही. परत कशाला हात लावायचा नाही."

आक्काने हातातले पातेले उलटे करून झटकले आणि आत गेली. 'संसार नाही' हे शब्द मात्र परसात पडून राहिले. मला दिसत होते, तिलाही दिसत होते. एकट्या घड्याळजींना भिंगातूनही दिसले नाहीत.

त्यानंतर चारच दिवसांनी ती पहाटे एकटी आली. घड्याळजी उठायच्या आधी. शालीआड एक निळी बाटली होती. तिने माझे टोपण फिरवले, बाटलीतले काहीतरी चमचाभर आत ओतले, टोपण लावले आणि मागे वळून न बघता निघून गेली.

माझ्या पोटात चुरचुरले.

काय होते ते? वासाने नाक असणाऱ्याला कळले असते. मला नाक कुठले! दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मित्रांनो, मी गळत नाही हे खरे, पण माझ्या आत संशय असा भरत गेला की टोपण उडेल असे वाटायचे. ही बाई भावाच्या शब्दाचा सूड त्याच्या कोंबड्यांवर काढते आहे का?

दहाव्या दिवशी भुरी पिसे फुलवून कोपऱ्यात बसली. तुरा फिका पडलेला. शीट हिरवट, पातळ. घड्याळजींनी वही उघडली, पुस्तक उघडले. पहिला निकाल: जंत. जंताचे औषध आणले आणि माझ्या पाण्यात घातले. दोन दिवसांनी दुसरा निकाल: रक्ती हगवण. पण शिटेत रक्त तर दिसेना. तिसरा निकाल: मानमोडी. पण भुरीची मान तर सरळ होती. दर निकालाला एक औषध, आणि दर औषध माझ्याच पोटात.

नवशिक्याचे सगळे गुण त्यांच्यात होते, पण चूक मात्र त्यांची खास होती. आजारी कोंबडी वेगळी ठेवायची, हे त्यांनी अगदी बरोबर केले. तिच्यासाठी कोरडी पेटी केली, खाली पोते अंथरले. आणि तिला जपायचे म्हणून घरातले सगळ्यात 'चांगले' भांडे तिच्यापुढे ठेवले. मला. बाकीच्यांना बादली दिली. दोन दिवसांत त्या जरा तरतरीत झाल्या. ते बघून घड्याळजींनी वहीत लिहिले, 'औषध लागू', आणि खूश होऊन मला पुन्हा सगळ्यांत नेऊन ठेवले.

भुरी गेली. मग काळी बसली.

आता घड्याळजींचा संशय उडून भिंतीपलीकडे गेला. पलीकडे सुतार राहायचा. सगळे त्याला मिस्तरी म्हणायचे. खुराड्यात खाली अंथरायला लागणारा लाकडाचा भुसा तोच पोत्यात भरून भिंतीवरून द्यायचा. कोंबड्या पहाटेपासून ओरडतात म्हणून तो एकदा वैतागून म्हणाला होता, "यांचं काहीतरी करायला पाहिजे बुवा." म्हणताना हसत होता. हसणे घड्याळजी विसरले, वाक्य वहीत लिहून ठेवले.

त्यांनी अर्धे भरलेले पोते भिंतीवरून परत फेकले.

"काय झालं घड्याळजी?" पलीकडून आवाज आला.

"तुम्हालाच माहीत."

"अहो, नुसता भुसा आहे तो."

"नुसता भुसा खाऊन कोंबड्या मरत नाहीत, मिस्तरी."

पलीकडचा रंधा थांबला तो दिवसभर चालला नाही. मीही मिस्तरीकडे संशयाने बघू लागलो. खरे सांगतो, मला बरेच वाटले. आक्कावरचा संशय जड होता. मिस्तरीवरचा हलका वाटला. तरी पहाटे निळी बाटली दिसली की पहिला संशय पुन्हा जागा व्हायचा. आता ती चमचा आणत नव्हती, वाटी आणायची. ओतून झाले की थाळीशी वाकून हळूच म्हणायची, "प्या गं बायांनो, प्या." सूड घेणारा माणूस असे बोलतो का? मला काही समजेना.

काळी गेली त्या सकाळी घड्याळजींनी पोलीस चौकीत द्यायचा तक्रारअर्ज लिहिला. शेजाऱ्याने विषप्रयोग केल्याबद्दल. अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि जाता जाता जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना घरी घेऊन आले. मृत्यूचे कारण लिहून हवे होते, अर्जाला जोडायला.

डॉक्टरीणबाई उंच, सावकाश बोलणाऱ्या. काळीनंतर आजारी पडलेल्या ठिपकीला त्यांनी मांडीवर घेतले. पापणी उलटून बघितली, तुरा दाबला, पंखाखाली हात घालून छातीचे हाड चाचपले. "किती हलकी झालीय ही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी वही मागितली आणि शेवटपर्यंत वाचली. "नोंदी मात्र छान ठेवल्यात तुम्ही."

घड्याळजी पहिल्यांदाच सैलावले.

"आणि ती कोण?" डॉक्टरीणबाईंनी नळाकडे बोट केले. तिथे चिंधी होती. आठांतली सगळ्यांत दुबळी, जिला इतर सगळ्या टोचून हाकलायच्या. नळाखालच्या फुटक्या बशीत ती आरामात पाणी पीत होती. तुरा लालभडक.

घड्याळजींनी आवाज खाली आणला. "तिच्यावर माझा वेगळा संशय आहे. आठांत तिला एकटीलाच काही झालं नाही. रोग तीच पसरवत असणार."

"ती नेहमी तिथंच पाणी पिते?"

"बाकीच्या कोंबड्या या डब्याशी येऊच देत नाहीत हो तिला."

डॉक्टरीणबाई उठल्या आणि सरळ माझ्याकडे आल्या. टोपण उघडले. आधी हुंगले. मग बोट आत फिरवून बाहेर काढले. बोटावर पांढरट चुरा होता. कारागिराच्या डोळ्यानंतर माझ्या पोटात इतके निरखून कुणी पाहिले नव्हते.

"हा जस्ताचा डबा आहे," त्या म्हणाल्या. "नुसतं पाणी असेल तर काही बिघडत नाही. पण यात कुणीतरी आंबट घालतंय. व्हिनेगर असावं. आंबटानं जस्त सुटतं, पाण्यात उतरतं. ते विष आहे. या कोंबड्या डब्यातलं जस्त पितायत."

मित्रांनो, मी सगळ्यांवर संशय घेतला. भंगारवाल्यावर, मिस्तरीवर, आक्कावर. मुंगूस भिंतीवरून गेले तरी त्याच्यावर घेतला. माझ्या स्वतःच्या पोटाकडे मात्र मी कधी पाहिले नाही. चोच येत होती, चोच जात होती, आणि मीच थेंबाथेंबाने त्यांना मारत होतो.

आज माझ्यात माती आहे आणि एक वेल वाढतो आहे. पाण्याला मला कुणी लावत नाही आणि लावूही नये. तुमच्याकडे माझ्यासारखा एखादा असेल तर त्याला रोज घासा, साधे पाणी भरा, आणि औषध म्हणा की आंबट म्हणा, ते मातीच्या नाहीतर प्लास्टिकच्या भांड्यात द्या. मुके जीव आजारी पडले तर औषधाआधी त्यांचे खाणेपिणे तपासा, आणि जाणत्याला लवकर बोलवा. आणखी एक मागणे आहे. घरात कुणी प्रेमाने काही करत असेल तर त्याला चोरून करावे लागेल, असे बोलू नका.

ठिपकी वाचली की नाही, हे तुम्ही विचाराल. वाचली. आजारी होत्या त्या सगळ्या वाचल्या. औषधाने वाचल्या, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. मला वाटते, औषधाच्या आधी बोललेल्या चार वाक्यांनी. ती कशी निघाली, एवढे सांगून थांबतो.

घड्याळजी डॉक्टरीणबाईंचे ऐकून भिंतीकडे वळले आणि ओरडले, "मिस्तरी! बाहेर या!"

मिस्तरी भिंतीशी आला. केसांत भुसा.

"भिंतीवरून हात घालून माझ्या डब्यात काय ओतलंत?"

"मी?" मिस्तरीने स्वतःचा आखूड हात पुढे केला आणि भिंतीवरून खाली सोडला. माझ्यापासून तो चांगला दोन हात लांब राहिला. "एवढा लांब हात असता तर शिडी कशाला घेतली असती घड्याळजी?"

घड्याळजींनी खिशातला अर्ज बाहेर काढला.

"भांडण नंतर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला आधी कळायला हवं, किती दिवस आणि किती घातलं. त्यावर औषधाचं ठरवायचंय. ज्यानं घातलं असेल त्यानं सांगितलं तर ही आज रात्र काढेल. मला कुणाचं नाव नकोय, फक्त माप सांगा."

ठिपकीने त्यांच्या हातावर मान टेकवली होती. घड्याळजी अर्जाची घडी उलगडत होते, तिचा करकर आवाज तेवढा येत होता. स्वयंपाकघराच्या दारात आक्का उभी होती. तिने शाल खांद्यावरून काढली, घडी घालून उंबऱ्यावर ठेवली आणि पायरी उतरून भावासमोर आली.

"तो अर्ज फाड, बाबू," ती म्हणाली. "वीस दिवस झाले. आधी चमचा घालत होते, कोंबड्यांचं पोट साफ राहतं म्हणून दाणेवालीनं सांगितलं होतं. मग भुरी आजारी पडली तेव्हा अर्धी वाटी केली. आणि काळी गेली ना, आज सकाळी... मला वाटलं, माझंच कमी पडतंय, म्हणून आज मी पूर्ण वाटी ओतली."