पुंजाराम डॉक्टरांचे चार दिवस

“गोळी बदलून दिल्ती ना? मंग आज रक्त कसं पडलं?” पुंजाराम डॉक्टरांचा आवाज जरा चढलाच.

रायभान खाटेवर डोळे मिटून पडला होता. दिवसातून दहा-बारा जुलाब, आज चौथा दिवस. मंठ्यात एकतीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना साध्या जुलाबाने असं कधी दमवलं नव्हतं.

“दुसरं औषध चालूय का काही, वहिनी?” त्यांनी रोजचाच प्रश्न विचारला.

“न्हाई ओ. ती ताकदीची सलाइन तेवढी, संभाजीनगरला, तीन हप्त्याला एक,” गोपिकाबाई म्हणाली आणि नवऱ्याकडे बघून एकदम गप्प झाली.

ते गप्प होणं डॉक्टरांना खटकलं. त्यांनी तिला आतल्या खोलीत नेलं. तिथे तिने पिशवीतून फाइल काढली. किडनीचा कॅन्सर.

“त्यायला म्हाईत न्हाई,” ती कुजबुजली. “पोरं म्हनले, बिलकुल तोंडातून काढायचं न्हाई. त्यायच्यापुढं कसं सांगू मी?”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. घरची माणसं पेशंटपासून आजार लपवतात, हे त्यांना नव्याने कळत होतं थोडंच! वडिलांच्या वेळी त्यांनीही तेच केलं होतं. आणि तरी चारही दिवस ते स्वतः, एवढे शहाणे, रायभानच्या समोरच विचारत राहिले.

ताकदीची सलाइन म्हणजे इम्युनोथेरपी निघाली. शरीराचीच फौज जागी करून कॅन्सरवर सोडणारं औषध. कधी ती फौज उलटून घरच्याच आतड्यांवर चालून जाते. हे डॉक्टरांना ठाऊक होतं ते फोनवरच्या एका ग्रुपमुळे. या औषधांचे त्रास सांभाळणारे गावोगावचे डॉक्टर तिथे एकमेकांना विचारत. पुंजाराम दोन वर्षं नुसतेच वाचत होते. एवढ्या डिग्र्यावाल्यांत आपण काय तोंड उघडायचं!

संभाजीनगरच्या डॉक्टरांचा फोन लागेना. शेवटी त्यांनी ग्रुपवर लिहायला घेतलं आणि ‘चार दिवस मी’ इथे बोट अडलं. ‘पेशंट आजच आला’ लिहिलं तर कोण तपासायला येणार होतं? त्यांनी तसं लिहिलंसुद्धा. तेवढ्यात बाहेरून रायभानचं कण्हणं ऐकू आलं. डॉक्टरांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी ते खोडलं आणि खरं ते लिहिलं: ‘चार दिवस मी साधे जुलाब समजून औषध दिलं.’

सहा मिनिटांत नागपूरच्या डॉ. मोनालींचं उत्तर आलं. ‘चार दिवस झालेत आणि रक्त पडतंय, तर रिपोर्टची वाट पाहू नका. स्टिरॉइड आत्ताच सुरू करा. जुलाब थांबवायची गोळी बंद. मोठ्या दवाखान्यात हलवा.’ खाली डोस लिहिला होता. पाठोपाठ लातूरकडच्या कुणा डॉ. गोरक्षनाथांनी लिहिलं, ‘मला ओळखायला आठ दिवस लागले. माझा पेशंट वाचला नाही. तुम्ही निघा.’

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, बाहेर ताटकळलेल्या पेशंटना हात जोडले आणि जालन्याच्या मोठ्या दवाखान्याकडे निघालेल्या गाडीत रायभानशेजारी स्वतः जाऊन बसले.

त्यानंतर पाचव्या दिवशी ते पुन्हा जालन्याला गेले, तेव्हा रायभान खाटेवर बसून मऊ भात खात होता. जुलाब दोनवर आले होते, रक्त थांबलं होतं.

“डाक्टरसाहेब, हिला सांगा जरा. मीठ न्हाई की काई न्हाई, कसा भात खाऊ राह्यलो मी!”

डॉक्टरांना त्या तक्रारीने इतका आनंद झाला की तिथेच उभ्या उभ्या त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘माझा पेशंट जेवतोय.’ शाबासक्यांचा पाऊस पडला. गोरक्षनाथांनी ‘बरं वाटलं’ एवढंच लिहिलं. डॉक्टरांना राहवेना. त्यांनी गोरक्षनाथांना वेगळा मेसेज केला, ‘तुमच्या पेशंटचं नाव काय होतं?’

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. ‘चांगुणाबाई.’

डॉक्टर त्या नावाकडे बघत राहिले. रायभानचा घास हातातच राहिला.

“काय झालं ओ? कोन वारलं का?”

“चांगुणाबाई म्हणून होत्या एक.”

“तुमच्या सोयऱ्यातल्या?”

डॉक्टरांनी फोन खिशात ठेवला.

“हो,” ते म्हणाले. “जेवा तुम्ही.”