थंड डोक्याचा प्रोसेसर

महिनाभर कानिफनाथच्या डोक्याची मंडई झाली होती. इंजिनिअरिंगचे विषय राहिले होते, पण काळजी त्यांची नव्हती. काळजी कॉम्प्युटरच्या प्रोसेसरची होती. सहा कोअरचा घ्यावा की आठ, आपल्या मदरबोर्डवर कुठला बसेल, कुठला कमी तापेल, यावर तो आणि केडगावच्या खोलीतला त्याचा जोडीदार अवधूत उठता-बसता वाद घालत. पोरीचं स्थळ बघतानाही लोक एवढ्या चौकशा करत नाहीत. शेवटी आठ कोअरचा ठरला. कारण एवढंच, की गेम न अडकता चालावा.

सोनई गावी, घरी मात्र त्यानं फोनवर वेगळंच सांगितलं होतं. "आई, आधीचा प्रोसेसर लई तापतो. मधीच अडकतो. म्हनून तर अभ्यास होईना. नवा बघावा लागंल." चांगुणाबाईंनी जास्त काही न विचारता पैसे पाठवून दिले. दुकानातून निघताना त्यानं पुन्हा फोन लावला. "चांगला प्रोसेसर मिळाला बग. उद्या घरीच घेऊन येतो."

"आपल्या घरी नीट बसंल ना रं?"

"बसंल की. समदं बघूनच घेतलाय. अन् एकदम थंड हाय."

सुट्टी लागल्यामुळं कॉम्प्युटर आधीच सोनईला नेऊन ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तो आणि अवधूत मोटरसायकलवरून दारात उतरले, तर अंगणात सडा पडलेला, रांगोळी काढलेली. शेजारच्या बनुबाईंची गादीची खुर्ची ओसरीवर आणून तिच्यावर धुतलेली चादर घातलेली. आतून पुरणाचा वास येत होता. त्याच्या वडिलांनी, आबांनी, इस्त्रीचा सदरा घातला होता, तोही सणवार नसताना. अवधूतला दाढी आणि चष्मा. वयापेक्षा चांगलाच थोराड दिसायचा.

"या सर, बसा," चांगुणाबाई पदर सावरत म्हणाल्या.

मित्राच्या घरचे थट्टा करताहेत असं वाटून अवधूत हसत बसला. आबांनी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला.

"तुमी थंड हायसा म्हनला ह्यो, तवा जीव भांड्यात पडला," चांगुणाबाई म्हणाल्या. "आधीचे सर लई तापायचे म्हनं."

कानिफनाथच्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. प्रोसेसर नव्हे, आईनं प्रोफेसर ऐकलं होतं! त्याला हसू फुटणारच होतं, पण त्यानं ते दाबलं. सगळं उलगडून सांगायचं, तर पाठीवरच्या सॅकमध्ये काय आहे आणि ते कशासाठी आणलंय, हेही सांगावं लागणार. अवधूत डोळ्यांनी विचारत होता, हे काय चाललंय? कानिफनाथनं सरळ मान फिरवली. एका वाक्याचं काम होतं. तेवढंही या बहाद्दराला जमलं नाही.

आबा हात जोडून पुढं आले. "सर, पोरगं वाईट न्हाई. आमालाच त्याच्या अभ्यासातलं काय कळत न्हाई. तुमच्या पदरात घातलं बगा." एवढं बोलून ते अवधूतच्या पायाशी वाकले.

"आबा, नका!" कानिफनाथनं धावत जाऊन त्यांचा दंड धरला. "ह्यो सर न्हाई. माझा मित्र हाय, अवधूत." मग त्यानं सॅकमधून छोटा खोका काढला. "प्रोसेसर म्हंजी ह्यो. कॉम्प्युटरमदी बसवायचा."

आईनं खोका हातात घेतला. "अभ्यासासाठी ना?"

"न्हाई. गेम खेळायला."

अवधूतनं हळूच टोपी काढली.

"मग आधी तापायचा, त्यो?" आईनं विचारलं.

"त्यो बी असलाच. जुना."

"अन् मी शिंगनापूरला जाऊन शनीला तेल वाहून आले. त्या सरांचा राग निवू दे, माझ्या पोराला संबाळून घेऊ दे म्हनून."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. कानिफनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबा गोठ्याकडं निघून गेले.

"टोपी ऱ्हाऊ दे बाळा, जेवून जा," आई अवधूतला म्हणाली. मग लेकाकडं न बघताच हळू आवाजात बोलली, "गल्लीभर सांगून बसले रं मी. आता समदी हसतील मला."

खोका तिच्या हातातच राहिला. कानिफनाथनं खुर्चीवरची चादर काढली, खुर्ची उचलली आणि तो बनुबाईंच्या दारात गेला. तिथं शेजारणी वाटच बघत होत्या.

"काय रं, सर एवढ्यात उठले?" बनुबाईंनी विचारलं.

खरं सांगितलं असतं, तर चांगुणाला साधा शब्द कळला नाही म्हणून गल्ली वर्षभर हसली असती.

"सर आलेच न्हाईत, मावशी. आलाय त्यो माझा मित्र हाय. सर येनार म्हनून मीच आईला खोटं सांगितलं हुतं."

बनुबाईंचा चेहरा उतरला. "पहाटंपास्नं राबती रं ती माउली. अन् तू तिच्याच तोंडाला पानं पुसलीस? लाज कशी वाटली न्हाई तुला?"

"वाटती," तो म्हणाला. खुर्ची कुठं ठेवू, एवढं विचारायलासुद्धा त्याला मान वर करता येईना.