सोळा नंबरची कोरी ओळ

आमच्या गावच्या मंडळाची जत्रेची बस दरवर्षी मुलुंडहून सुटते. कोण कुठे बसणार याची यादी वीस वर्षं जत्रेचं सगळं बघणाऱ्या भाऊंच्या वहीत असायची. यंदा मी शहाणपणा केला. भाऊंना म्हटलं, नावं तुम्ही टाइप करा, सीट नंबरांची फाइल बसवाला पाठवेल, दोन्ही मी एका कमांडने जोडते. 'पेस्ट' म्हणतात तिला. या फाइलची पहिली ओळ, त्या फाइलची पहिली ओळ, शेजारी शेजारी. मग दुसरी, मग तिसरी. डोकं चालवायलाच नको. मीही चालवलं नाही. यादी न बघताच ग्रुपवर टाकली.

पाच मिनिटांत श्वेताचा फोन. "श्रुतिका, बाबांच्या नावापुढे सीटच नाही यार! ऐंशी वर्षांचा माणूस, यंदा तरी जाऊ दे ना देवीला."

तिचे बाबा म्हणजे धाकूमामा. उशिरा कळवलं म्हणून यादीत शेवटी. पण माणसं एकोणपन्नास, सीटाही एकोणपन्नास! यादी उघडली. पंधरा नंबरला भाऊ. सोळा नंबरपुढे नावच नाही. तिथून सगळे एकेक सीट मागे सरकले होते आणि धाकूमामा बसबाहेर.

मी तणतणत नाहूरला भाऊंच्या घरी गेले. "भाऊ, एंटर दोनदा दाबलंत! वाट लागली सगळ्याची."

"चुकान नाय दाबलंय," म्हणत त्यांनी वही पुढे केली.

कोणी वारलं की त्याची ओळ वर्षभर कोरी सोडायची, ही त्यांची पद्धत. नंबर ते हाताने घालायचे, कोरी ओळ वगळून, त्यामुळे ती कुणाला नडत नसे. गेल्या वर्षी सोळाव्या ओळीवर अनुपमाकाकू होत्या. भाऊंची बायको. वैशाखात गेल्या. मला माझ्या चढलेल्या आवाजाची लाज वाटली.

"नंबरांच्या फाइलमध्येही तिथे एक ओळ कोरी सोडते," मी म्हटलं. "काकूंची ओळ राहील, मामांना शेवटची सीट मिळेल."

"शेवटची? घाटात हाडां मोडतली तेची." भाऊंनी वहीतल्या सोळाव्या ओळीवर बोट ठेवलं. "ती असती तर धाकूक मागे बसवल्यान नसतां."

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि एका बोटाने सोळाव्या ओळीवर धाकूमामांचं नाव टाइप केलं. मी त्यांचं शेवटी असलेलं नाव काढून पुन्हा कमांड दिली. एकोणपन्नास नावं, एकोणपन्नास नंबर.

भाऊंनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"आता ती खरीच गेली गो," ते म्हणाले.