बोरी नदीची वाळू

"इंजिन बंद पडलं. मी सुखरूप उतरलो." हवेतल्या संकटाच्या प्रश्नाचं उत्तर अभिमनने दोनच इंग्रजी वाक्यांत आटपलं आणि रुमालाने मान पुसली.

कुंदाबाई इंग्रजीतच म्हणाल्या, "ही तार झाली. मुलाखतीला तार पाठवणार आहेस का?"

एक्क्याण्णवचा उन्हाळा होता. कुंदाबाई धुळ्याच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. अभिमन त्यांचा जुना विद्यार्थी. सुरुवातीला तो शेतांवर औषध फवारायचं विमान उडवायचा, मग दोन इंजिनांचं मालवाहू. ती कंपनी बुडाली आणि तो सात महिने घरी बसून होता. अशात आखातातल्या एका विमान कंपनीची जाहिरात आली. उड्डाणाचे तास भरत होते. वयाची अट अडतीसच्या आत, याला सदतीस पूर्ण. राहिली शेवटची अट : इंग्रजी अस्खलित बोलता आलं पाहिजे.

रेडिओवरचं ठरावीक इंग्रजी तो झोपेतही बोलला असता. पण समोर माणूस बसला की जीभ टाळ्याला चिकटायची. म्हणून महिनाभर रोज सकाळी तो बाईंकडे येत होता. उंबरठ्याच्या आत मराठी बंद, असा बाईंचा नियम.

"उतरताना मनात काय आलं?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

तो एकदम नियम मोडून घरच्या अहिराणीत बोलायला लागला, "बाई, खाल कापूस येचनाऱ्या बाया व्हत्यात. बठ्ठ्या वर देखी ऱ्हायन्थ्यात. माले वाटनं, त्यासमा मन्ही माय बी शे. मंग इमान बोरीनी वाळूम्हा उतारं."

वर बघणाऱ्या त्या बायांत त्याला आपली माय दिसली, म्हणून त्याने विमान शेत सोडून बोरी नदीच्या वाळूत उतरवलं होतं. बाईंची आईही पारोळ्याच्या शिवारात कापूस वेचायची. शाळेत हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी उठून त्याला पाणी दिलं.

"आता हेच सांग. इंग्रजीत. चुकलास तरी थांबू नकोस."

तो पुष्कळ चुकला. बाईंनी त्या दिवशी एकही चूक काढली नाही.

मुंबईच्या मुलाखतीत नेमका तोच प्रश्न आला. परत आल्यावर तो दारातूनच सांगत सुटला, "बाई, बठ्ठं सांगं, सगळं सांगितलं! गोऱ्या साहेबाने विचारलं, मग त्या बायांनी काय केलं? म्हटलं, पाणी पाजलं, भाकर दिली. तो हसला, आणि खाली मान घालून काहीतरी लिहिलं त्याने."

नेमणुकीचं पत्र आलं. बाई त्याला पोहोचवायला बसस्थानकावर गेल्या. तो वाकून पाया पडला तेव्हा त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "सांभाळीसन ऱ्हाय, भाऊ."

पुढे पत्रं येऊ लागली. इंग्रजीत, बाईंच्या हट्टापायी. तांबडी शाई भरलेलं पेन घेऊनच त्या वाचायला बसत. पहिल्या पत्रात सतरा चुका, दिवाळीनंतरच्यात नऊ. चुका उतरवून त्या उलट टपाली पाठवायच्या.

पंच्याण्णवच्या मार्चमध्ये एक पत्र आलं. मोठं विमान मिळालं होतं, मुलं तिथल्या शाळेत रमली होती, आईही आता तिकडेच होती. बाईंनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा ओळीखाली बोट धरून वाचलं.

एकही चूक नव्हती.

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पत्र मांडीवर ठेवलं.