तहानलेला स्क्रू

अल्मा थिबोडो यांचं पत्र अकरा दिवस माझ्या लॅटिन शब्दकोशात पडून होतं. नदीपलीकडच्या गावात त्यांच्या मुलाचं, रोलंडचं, छोटं मशीन शॉप आहे. त्यांनी लिहिलं होतं, "मास्तर, ऑरिनच्या शॉपमध्ये तेलाचा चमत्कार झाला तेव्हा तुम्ही पुढेच होतात म्हणे. तो खरा का? आमच्या मशीनचं टेबल ज्या स्क्रूवर सरकतं, त्याचा नट झिजलाय. गेल्या महिन्यात कटरनं टेबल खेचलं, रोलंडचं बोट थोडक्यात वाचलं. नवा नट आलाय, पण तो म्हणतो, तेल आहे तर नट या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी परत पाठवतो. हो की नाही, तेवढं कळवा."

मी कळवलं नाही. माझ्याच डोळ्यांवर माझा भरवसा नव्हता.

त्या चमत्काराच्या दिवशी आमच्या व्हरमाँटमधल्या गावातले निम्मे कारागीर ऑरिन टटलच्या शॉपमध्ये दाटले होते. मधोमध धातू कापायचं जुनं मिलिंग मशीन, आणि त्याला टेकून प्रुइट नावाचा तेलवाला.

"लोखंडाला तहान लागते, मंडळी. नट झिजत नाही, सुकतो. हे तेल पाजा, जखम भरते तसा भरून येईल."

"गुडघ्यांना चोळलं तर चालेल का रे?" मागून कुणीतरी विचारलं.

प्रुइटनं टेबल सरकवायचं हँडल उजवीकडे फिरवलं, मग उलट. हँडलवरच्या दहा रेघा सरकल्या, तरी टेबल किती सरकलं ते दाखवणाऱ्या डायलचा काटा ढिम्म. मग त्यानं स्क्रूवर तेल ओतलं. "पिऊ दे त्याला," म्हणत हँडल डावीकडे दोन फेरे नेलं आणि पुन्हा डावीकडेच एक रेघ सरकवली. काटा लगेच हलला.

एकेका जुन्या कारागिरानं फिरवून पाहिलं. सगळ्यांना काटा पावला. मग मला पुढे ढकललं. मी कसंतरी थोडं उलटसुलट फिरवलं. काटा मेल्यासारखा.

"मास्तर," प्रुइट म्हणाला, "तेल हात ओळखतं. हा पुस्तकाचा हात."

सगळे हसले. मी हात खिशात घालून घरी आलो.

पण पत्र आल्यापासून चैन पडेना. जेवताना काटा दिसे, चालताना रोलंडचं बोट. शेवटी त्या शनिवारच्या दोन दिवस आधी, गुरुवारी सकाळी, ऑरिनकडे गेलो.

"पुन्हा दाखवतोस?"

"शंभरदा दाखवतो." त्यानं हँडल थोडं मागे नेलं, पुढे आणलं, आणखी एक रेघ सरकवली. काटा हलला.

"आधी मागे का नेलंस?"

"मी? नाही नेलं."

"नेलंस. पुन्हा कर."

त्यानं केलं, आणि या वेळी स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिला.

"ही तर सवय हो, मास्तर. स्क्रू आणि नटमध्ये फट असली की कायम एकाच बाजूनं यायचं, म्हणजे फट नडत नाही. वडिलांनी शिकवलं. चाळीस वर्षं हात आपोआप करतोय."

"आता तिथूनच उलट फिरव."

एक रेघ. पाच. दहा. काटा ढिम्म.

ऑरिन चिंधीनं हात पुसत राहिला. "म्हणून प्रुइटनं दोन फेरे डावीकडे नेले. फट आधीच मिटवली लबाडानं. पुढचं काम आमच्या हातांनी केलं. तुम्हाला येत नव्हतं, म्हणून तुम्हालाच दिसलं."

"तूही हसला होतास."

"हसलो होतो," तो म्हणाला.

तिथल्याच बाकावर मी उत्तर लिहिलं. "नाही. तेल जरूर घाला, त्यानं झीज कमी होते. पण झिजून गेलेला धातू ते परत आणत नाही. नवा नट बसवा. खात्री करायची तर आधी जुन्याच नटाला तेल घालून, ज्यानं मशीनला कधी हात लावला नाही अशा माणसाला हँडल उलटसुलट फिरवू द्या, आणि काटा काय सांगतो ते बघा; विकणारा काय सांगतो ते नव्हे. मला हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं. लोक हसले म्हणून मी गप्प बसलो. ती चूक माझी."

पोस्टातल्या बाई म्हणाल्या, उद्या पोहोचेल. तरी पाकीट सोडताना बोटं अडली. मी चुकत असेन तर? मग वाटलं, चुकत असेन तर रोलंडला ते कळेल. तपासायचं कसं, ते आत लिहिलंय.

मी पाकीट पेटीत टाकलं.