शालूबाईंची डबी

मित्रांनो, मी देऊळघाटकडच्या एका आरोग्य केंद्रातला जुना सूक्ष्मदर्शक आहे. अंगावरचा रंग उडाला, एक स्क्रू सैल झाला, पण माझी नजर अजून पक्की आहे, हे मी छाती फुगवून सांगतो.

अंबाल्याच्या कारखान्यात मी घडलो. इथे खोकणाऱ्या माणसाचा बेडका काचेवर पसरून, रंगवून माझ्याखाली ठेवतात. त्यात क्षयाचे जंतू असले, तर निळ्या रंगावर बारीक लाल काड्या दिसतात. मध्यंतरी नवं यंत्र आलं. रोग ओळखण्यात ते माझ्याहून हुशार. मग माझ्या पेटीवर चहाचे कप ठेवले जाऊ लागले. मला फार वाईट वाटलं. पण ते यंत्र मेलेल्या जंतूंचीही खूण धरतं. म्हणून गोळ्या सुरू झाल्यावर जंतू किती घटले हे पाहायला तपासनीस मंजुश्रीताईंनी मलाच पुन्हा टेबलावर घेतलं.

शालूबाई शाळेत खिचडी शिजवायच्या. पहिल्या तपासणीत त्यांच्या काचेवर लाल काड्यांची नुसती गर्दी होती. काम सुटलं. दोन महिन्यांच्या गोळ्यांनी खोकला कमी झाला, अंगावर मूठभर मांस चढलं. आता तपासणी चांगली आली की पुन्हा शाळेत जाता येणार होतं. त्यांनी बेडक्याची डबी आणून दिली.

काच माझ्याखाली आली. लाल काडी एकही नव्हती, पण तंबाखूचे कण होते.

“शालूबाई, तुम्ही तंबाखू खाता काय?” ताईंनी विचारलं.

“नाई ताई. हातही लावत नाई मी.”

“मंग डबीत तंबाखू काऊन आला?”

शालूबाईंनी मान खाली घातली. “शेजारच्या तानाबाईची थुंकी हाय ते. तिले काई रोग नाई. मले शाळेत जायचं हाय ताई, लेकरं वाट पाहून राह्यले.”

ताई रागावल्या नाहीत. “त्या लेकरांसाठीच तुमचा बेडका पाह्यजे. जंतू उरले असतीन अन् आपण झाकले, तर तुमचा खोकला त्याहिच्यापर्यंत जाईन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शालूबाईंनी स्वतःची डबी आणली. ताईंनी माझ्यातून एकेक करत शंभर जागा पाहिल्या. तीन काड्या सापडल्या. शालूबाईंना रडू आलं.

“एवढ्या गर्दीतल्या तीनच उरल्या,” ताई म्हणाल्या, “औषध लागू पडून राह्यलं. फक्त गोळी सोडू नका.”

उरलेले जंतू गोळ्यांना दाद देतात ना, हे पाहायला नमुना मोठ्या प्रयोगशाळेतही गेला; ते दाद देत होते. गोळ्या चालू राहिल्या. महिन्याने पुन्हा शंभर जागा पाहिल्या. सगळं निळं. ताईंनी शालूबाईंनाच माझ्यासमोर बसवलं.

“यात तर काईच दिसत नाई,” त्या म्हणाल्या.

“हाव. तेच पाहाले बसवलं तुमाले.”

शालूबाई इतका वेळ पाहत राहिल्या, की माझी काच ओली झाली. सोमवारी त्या शाळेत गेल्या.

मित्रांनो, कधी डबी द्यायची वेळ आली, तर आपलीच द्या, खोलवरून खोकून द्या. माझ्यासारख्या म्हाताऱ्याची काच मऊ कागदाने पुसत जा. आयुष्यात मी पुष्कळ जंतू दाखवले. पण त्या दिवशी मी शालूबाईंना काहीच दाखवलं नाही, याचाच मला सगळ्यांत मोठा अभिमान वाटतो.