वासराचे डोळे राहिले

मी झिरो नंबरचा कुंचला बोलतोय. चिमूटभर केसांचा जीव माझा, पण कितीतरी गणपतींनी माझ्यामुळे जग पाहिलं. एवढा तोरा मला आहेच.

माझे मालक धोंडीराम मूळचे हरसूलचे. नाशकात गणपतीच्या कारखान्यात ते डोळ्यांची आखणी करत. त्यांचा नियम ठरलेला होता. आधी पायाशी बसलेल्या उंदराचे डोळे, मग देवाचे. "लहान्याला आधी दिसाया पाहिजे," असं ते म्हणत.

यंदा उन्हाळ्यात त्यांना नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका नव्या हॉटेलाची भिंत रंगवायचं काम मिळालं. हॉटेलमालक शेखरशेठ यांनी मोबाइलवर चित्र दाखवलं. अमेरिकेतलं जुनं माळरान, घोड्यावर टोपीवाला शिकारी, समोर तिकडच्या केसाळ गव्यांचा कळप. असला गवा धोंडीरामांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी घरच्या गाईचं वासरू आठवून कळपापुढे एक वासरू उभं केलं, लटपटत्या पायांचं. त्याच्यावर त्यांचा फार जीव जडला. शिकाऱ्याची बंदूक नेमकी त्याच्याकडेच रोखलेली होती.

शिकाऱ्याचे आणि वासराचे डोळे तेवढे राहिले. मला रंगात बुडवून ते वासराकडे वळले, तोच शेठ ओरडले, "काका, आधी शिकाऱ्याचे करा! उद्या ओपनिंग आहे. लोक त्याच्याजवळच फोटो काढणार."

"शेठ, आधी वासरू. लय वेळ नाय लागायचा."

"ते नंतर करा हो!"

धोंडीराम परांचीवर चढले. मी शिकाऱ्याचे डोळे उघडले. काम इतकं जिवंत उतरलं की मलाच भीती वाटली. आम्ही खाली आलो, तर भिंतीला टेबलं लागत होती.

"आता राहू द्या," शेठ म्हणाले. "जनावरांकडे कोण बघतंय?"

धोंडीरामांनी वासराच्या डोळ्यांच्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. मग "आधी शिकाऱ्याचं उघडलं, ह्या कुंचल्यानं आता देवाचं डोळं नाय उघडायचं," असं पुटपुटून त्यांनी मला खिडकीत ठेवलं आणि ते निघून गेले.

तेव्हापासून मी इथेच आहे. माझे केस ताठ झालेत. लोक शिकाऱ्याशेजारी हसत फोटो काढतात. परवा एका मुलीनं विचारलं, "मम्मी, वासराला डोळे का नाहीत?"

"झोपलंय ते," आई म्हणाली.

झोपलेलं नाही हो! ते उभं आहे आणि त्याला काहीच दिसत नाही. शिकारी मात्र टक लावून बघतोय. शपथेवर सांगतो, त्याचं बोट चापावर पहिल्यापेक्षा जास्त वाकलंय.

इथे जेवायला आलात, तर मला जरा ओलं करा. खुर्चीवर चढलात की हात पुरेल. काळा रंग नसला तर काजळ चालेल, दोन ठिपके पुरेत. पुढचं ते वासरू बघून घेईल. फक्त लवकर या.